स्टुडिओचा पीसी विंडोज ११ वर नेताय? फॉरमॅटच्या आधी हे वाचा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. तेव्हापासून दुकानात एकच तक्रार येते: 'फॉरमॅट करून विंडोज ११ टाकलं आणि प्लगइन उघडेनात.' प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेले इफेक्ट आणि वाद्यांचे छोटे प्रोग्रॅम, पुन्हा इन्स्टॉल करता येतात हो, पण लायसन्स जुन्या सिस्टीमच्या नावावर अडकलेलं असतं. ते सोडवायला कंपनीला मेल करा, उत्तराची वाट बघा. मिक्स मात्र उद्या द्यायचा असतो.

म्हणून सी ड्राइव्ह पुसण्याआधी, जुनी विंडोज चालू असतानाच लायसन्स सोडवा. बऱ्याच प्लगइनची लायसन्स सांभाळणारा आयलॉक लायसन्स मॅनेजर उघडा. लायसन्स यूएसबी किल्लीवर असेल तर काहीच करायचं नाही. कॉम्प्युटरवर असेल तर राइट क्लिक करून डीॲक्टिव्हेट करा, ते खात्यात परत जातं. वेव्ह्ज कंपनीचे प्लगइन वापरत असाल तर त्यांची लायसन्स वेव्ह्ज सेंट्रलमधून क्लाउडवर हलवा. बाकी प्रत्येक प्लगइनचं खातं, ईमेल आणि सिरीयल नंबर कागदावर लिहून काढा. त्याच पीसीतल्या नोटपॅडमध्ये लिहिलेली यादी फॉरमॅटबरोबरच जाते, हे सांगायला नको, तरी सांगतोय.

स्टाइनबर्गच्या क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची ११ किंवा त्याआधीची आवृत्ती डोंगलशिवाय (यूएसबी किल्लीशिवाय), पीसीतच साठवलेल्या सॉफ्ट लायसन्सवर चालत असेल तर थांबा. स्टाइनबर्गने ही लायसन्स देणारी ई-लायसन्सर सेवा २० मे २०२५ ला बंद केली, त्यामुळे ते लायसन्स नव्याने ॲक्टिव्हेट होत नाही. तो पीसी पुसू नका.

अर्धवट गाणी असतील तर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे प्लगइन उघडलं नाही तरी आवाज हाताशी राहतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. पाच मिनिटांचं, ४० ट्रॅकचं गाणं पावणेदोन जीबीत मावतं. एवढ्यासाठी कंजुषी नको.

आमच्याकडे आम्ही जुनी डिस्क पुसत नाही. विंडोज ११ नव्या एसएसडीवर टाकतो आणि जुनी पाकिटात घालून तुमच्या हातात देतो. 'उगाच एसएसडी गळ्यात मारतात' असं काहींना वाटतं. पण एखादं लायसन्स विसरलात, तर जुनी डिस्क त्याच पीसीला लावून, चालू करून ते सोडवता येतं. पुसलेल्या डिस्कवर हा रस्ता उरत नाही. एसएसडी स्वतःची आणलीत तरी चालेल, मजुरी तीच.

इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असूनही 'पीसी चालणार नाही' असा मेसेज येत असेल, तर बहुधा बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) विंडोज ११ ला लागणारा टीपीएम हा सुरक्षेचा भाग बंद असतो. इंटेल बोर्डवर तो पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडतो. तिथलाच सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, मात्र घाईने बंद करू नका. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर पीसी बूटच होणार नाही. आधी ती नव्या, जीपीटी पद्धतीची करावी लागते.

विंडोज ११ बसल्यावर ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि वाद्यं पीसीला जोडायच्या डब्याचा) ताजा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधी टाका, केबल नंतर जोडा. जुना इंटरफेस दिसतच नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी त्याचा ड्रायव्हर अडवत असू शकते. ती बंद केली की सुरक्षा कमी होते, म्हणून आधी नवा ड्रायव्हर मिळतो का ते बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये बफर (एका वेळी किती आवाज हाताळायचा तो आकडा) रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पल, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. आणि वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतःकडे ओढलाय का ते तपासा. प्रीसेट 'हरवले' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे तिथेच सापडतात.

पीसी दोन दिवस ठेवून घेतो, कारण दुसऱ्या दिवशी तुमचंच एक जड प्रोजेक्ट तासभर वाजवून बघतो. येताना इंटरफेस, त्याची केबल, आयलॉक किल्ली आणि लायसन्सची यादी आणा. यादी नसेल तर काम सुरू करत नाही. गणपती आणि नवरात्रीच्या आधीचे पंधरा दिवस हे काम घेत नाही. तेव्हा तुमचंच रेकॉर्डिंग जोरात असतं.