शॅटर, वॅक्स, डायमंड: गांजाच्या अर्काचं रूप बदलतं म्हणजे नेमकं काय होतं

गांजाच्या अर्काचा शॅटर नावाचा एक प्रकार असतो, पारदर्शक, पिवळसर, थंडीत कडकन तुटणारा पापुद्रा. तो डबीत काही आठवडे पडून राहिला की बऱ्याचदा कडेकडेने धुरकट व्हायला लागतो, मग मऊ पडतो आणि शेवटी रवाळ होऊन बसतो. लोक म्हणतात, माल खराब झाला. आणि जो पारदर्शक तोच शुद्ध, जो पांढुरका चिकट तो हलका, असंही अगदी ठामपणे सांगितलं जातं. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे हे एकदा कळलं की शॅटर, वॅक्स, बडर, क्रम्बल, सॉस, डायमंड ही नावांची गर्दी बरीच सोपी होते, कारण ही वेगवेगळी रसायनं नाहीतच, रसायनं जवळपास तीच आहेत, फक्त रेणूंची मांडणी बदललीय.

आधी झाड बघू. गांजाच्या मादी फुलांवर बारीक ग्रंथी असतात, ट्रायकोम म्हणतात त्यांना, एक छोटा देठ आणि त्यावर गोल डोकं, डोक्याची रुंदी साधारण ५० ते १०० मायक्रॉन म्हणजे जवळपास माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. सगळी चिकट राळ ह्या डोक्यात साठते, कॅनाबिनॉइड्स म्हणजे गांजाची खास रसायनं पण त्यातच आणि वास देणारी टर्पीन्स पण त्यातच. कॉन्सन्ट्रेट म्हणजे ही राळ बाकीच्या हिरव्या भागापासून वेगळी काढलेली. फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य कॅनाबिनॉइड, साधारण १५ ते २५ टक्के असतं, कॉन्सन्ट्रेटमध्ये ६० ते ९० टक्के, म्हणजे हा आकडा किरकोळ वाढत नाही, कित्येक पट होतो.

राळ वेगळी काढायचे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे नुसता यांत्रिक, हाताने चोळून काढलेला चरस, चाळणीतून पाडलेली कीफ, किंवा बर्फाच्या पाण्यातला हॅश, ज्यात थंडीने ट्रायकोमची डोकी ठिसूळ होऊन तुटतात आणि राळ पाण्यापेक्षा जड असल्यामुळे खाली बसते. रोझिनही ह्याच घरातलं, फक्त उष्णता आणि दाब, सॉल्व्हंट म्हणजे राळ विरघळवून घेणारं रसायन अजिबात नाही. दुसरा रस्ता सॉल्व्हंटचा, ब्युटेन, प्रोपेन, इथेनॉल नाहीतर कार्बन डायऑक्साइड, जो ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार दाबाच्या वर गेला की धड वायू राहत नाही धड द्रव, आणि त्याच अवस्थेत तो कॉफीतलं कॅफीन काढायलाही वापरतात. ब्युटेन उणे ०.५ अंशालाच उकळतो म्हणून काम झाल्यावर उडवून लावायला सोपा, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि कुठल्याही ठिणगीने पेट घेते. घरात असले प्रयोग करून स्फोट झालेत, माणसं भयंकर भाजलीत, त्यामुळे हे बंद यंत्रणेतलं, प्रशिक्षित माणसांचंच काम आहे आणि ह्यात मला कुठलीही सूट मान्य नाही.

आता खरा रंजक भाग. ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच, असतं ते टीएचसीए, म्हणजे टीएचसीला कार्बॉक्सिल गट चिकटलेला आम्ल प्रकार. उष्णता दिली की कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटून जातो आणि टीएचसी उरतं. ह्या एवढ्याशा फरकाने सगळा पोत ठरतो, कारण टीएचसीए घन आहे, त्याचे छान क्रिस्टल बनतात, आणि शुद्ध टीएचसी मात्र सामान्य तापमानाला घट्ट चिकट राळेसारखंच राहतं, क्रिस्टल व्हायला तयारच नसतं. मॉर्फिन १९व्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं काढलं गेलं, कोकेन १८६० च्या सुमारास, पण टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना सांगायला १९६४ उजाडलं, इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते केलं. उशिरामागचं एक मोठं कारण हेच, की हे एक चिकट तेल आहे, तसल्याच डझनावारी भाऊबंदांमध्ये मिसळलेलं, क्रिस्टल करून बाजूला काढायची सोयच नाही.

मग शॅटर काय आहे? शॅटर म्हणजे शास्त्रीय अर्थाने काच. म्हणजे टीएचसीएचे रेणू ओळीत लागायच्या आधीच सगळं घट्ट होऊन थिजलंय, रेणू अस्ताव्यस्त आहेत पण हलू शकत नाहीत. आत कुठे कड नाही, सीमारेषा नाही, म्हणून प्रकाश सरळ आरपार जातो आणि पापुद्रा पारदर्शक दिसतो. पण ही अवस्था टिकाऊ नाही, रेणूंना क्रिस्टल होणं जास्त सोयीचं असतं, नुसती हलायची संधी मिळायला हवी. ती संधी देतात उष्णता, हाताळणी आणि उरलेली टर्पीन्स, कारण टर्पीन्स हे पातळ द्रव, ते मध्ये शिरून रेणूंना मोकळं करतात. म्हणूनच टर्पीन्स जास्त असलेलं शॅटर तुटत नाही, ओढलं की ताणलं जातं. कुठेतरी पहिला बारीक क्रिस्टल जमतो, त्याभोवती आणखी जमत जातात, आणि प्रत्येक क्रिस्टलच्या कडेवर प्रकाश वाकतो, विखुरतो. खिडकीची काच कुटून पावडर केली तर ती पांढरी दिसते ना, काच तीच असते. धुरकट झालेल्या शॅटरमध्ये अगदी हेच झालेलं असतं.

वॅक्स आणि बडरमध्ये हेच मुद्दाम घडवलेलं असतं, कोमट असताना ढवळायचं, त्याने एकाच वेळी असंख्य ठिकाणी क्रिस्टल सुरू होतात, कोणालाच मोठं व्हायला जागा उरत नाही, आणि मऊ, फिकट, लोण्यासारखा गोळा मिळतो. क्रम्बल त्याचाच कोरडा भाऊ, टर्पीन्स आणि सॉल्व्हंट जास्त निघून गेल्यामुळे सच्छिद्र आणि भुसभुशीत. डायमंडचं बरोबर उलटं, तिथे घाई नसते, भरपूर टर्पीन्स असलेल्या द्रवात टीएचसीए हळूहळू, थोड्याच ठिकाणी जमतं, मोठे क्रिस्टल लहानांना गिळत वाढत जातात आणि शेवटी टपोरे खडे तयार होतात. भोवती जो वासाचा पातळ द्रव उरतो तो सॉस. मला ह्या सगळ्यात डायमंडच सगळ्यात सुंदर वाटतात, रसायनशास्त्राच्या पुस्तकातला क्रिस्टलायझेशनचा धडा अख्खा त्यात दिसतो.

आणि खरी शुद्धता बघायची तर ती ह्या क्रिस्टलमध्येच, कारण क्रिस्टल बनताना परके रेणू बाहेर ढकलले जातात. पारदर्शक शॅटरमध्ये मात्र जे काही विरघळलेलं आहे ते सगळं तसंच अडकून राहतं, उरलेला ब्युटेनसुद्धा, आणि पारदर्शकतेवर त्याचा काही परिणाम होईलच असं नाही.

लाइव्ह रेझिन हे नाव ह्या यादीत थोडं वेगळं, ते पोत सांगत नाही, कच्चा माल सांगतं. झाड वाळवायच्या ऐवजी कापल्या कापल्या गोठवलं जातं, त्यामुळे मायरसीन, लिमोनीन, पायनीन अशी पटकन उडणारी टर्पीन्स बऱ्यापैकी टिकतात. डिस्टिलेट दुसऱ्या टोकाला, निर्वात करून कमी दाबाखाली वाफ करून पुन्हा थंड केलेलं, उष्णतेने आधीच टीएचसी झालेलं, टर्पीन्स जवळपास गेलेली, वास नाही, क्रिस्टल नाही, नुसतं सोनेरी घट्ट तेल.

लेबलावरच्या आकड्याचंही एक सांगतो. टीएचसीएमधून कार्बन डायऑक्साइड गेल्यावर वजन घटतं, उरतं ते मूळच्या ०.८७७ पट. म्हणजे ९० टक्के टीएचसीए असं लिहिलेलं असेल तर सगळं रूपांतर झालं तरी टीएचसी ७९ टक्क्यांच्या आसपासच भरतं.

रूपावरून माल ओळखायची सवय किती महागात पडू शकते हे २०१९ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्हेप कार्ट्रिज, म्हणजे तेल तापवून त्याची वाफ ओढायच्या यंत्रातली तेलाची नळी, उलटी करून आतला हवेचा बुडबुडा किती हळू सरकतो ते लोक बघायचे, हळू सरकला म्हणजे तेल घट्ट, घट्ट म्हणजे अस्सल. मग काळ्या बाजारातल्या लोकांनी तेल पातळ करताना त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातलं, जे तेवढंच घट्ट आणि तसंच दिसतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत फुप्फुसाच्या आजाराच्या २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, आणि ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांच्या द्रवात हेच व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. गिळलं तर निरुपद्रवी असलेली गोष्ट श्वासातून आत गेली की काय करते ह्याचं ह्याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

उष्णतेचा मुद्दाही ह्यालाच जोडलेला. २०१७ मध्ये पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्सनी दाखवलं की तापलेल्या पृष्ठभागावर टर्पीन्स तुटून मेथाक्रोलीन आणि बेन्झीन ही घातक रसायनं तयार होतात, आणि तापमान चढेल तसं प्रमाणही चढतं. म्हणजे जास्त टर्पीन्स, जास्त नैसर्गिक, म्हणून जास्त सुरक्षित, हे गणितही जुळत नाही.

ताकदीबद्दल दोन अभ्यास महत्त्वाचे वाटतात. २०२० मध्ये कोलोरॅडोत नियमित वापरणाऱ्यांवर अभ्यास झाला, त्यात कॉन्सन्ट्रेट घेणाऱ्यांच्या रक्तात टीएचसी फूल ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होतं, पण नशा किती चढली हे विचारलं तर दोन्ही गटांचं उत्तर साधारण सारखंच आलं, म्हणजे शरीरात किती गेलंय हे स्वतःच्या अंदाजाने कळत नाही. आणि २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या मोठ्या पाहणीत, १० टक्क्यांच्या वर टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भ्रम-भास होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास ५ पट दिसली. ह्यावरून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण तिथे जास्त ताकद म्हणजे १० टक्के होतं आणि इथे आपण ८० टक्क्यांबद्दल बोलतोय, हे विसरून चालणार नाही.

त्यामुळे रंग, चमक, पोत बाजूला ठेवून कामाचा असतो तो फक्त लॅब रिपोर्ट, आणि त्यातही टीएचसीच्या आकड्याआधी उरलेलं सॉल्व्हंट, जड धातू आणि कीटकनाशकं बघावीत. राळ काढताना झाडावर फवारलेलं औषधही तिच्याबरोबर गोळा होऊन दाट होतं. मायक्लोब्युटॅनिल नावाचं एक बुरशीनाशक आहे, ते तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो, आणि ते शॅटरमध्ये असलं काय किंवा बडरमध्ये, डोळ्यांना काहीच दिसत नाही.