जुन्नर विमान अपघात (१९६२)

पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या डोंगराळ भागात ७ जुलै १९६२ रोजी रात्री १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास आलितालिया या इटालियन कंपनीचे प्रवासी विमान डोंगरावर आदळले. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी असे विमानातले सर्व ९४ जण ठार झाले. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा ६ जुलै चालू होती, म्हणून काही याद्यांत आदल्या दिवसाची तारीख सापडते.

उड्डाण क्रमांक ७७१ सिडनीहून रोमला जाणारे. वाटेत डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची आणि तेहरान असे थांबे होते. विमान डग्लस डीसी-८-४३ जातीचे, चार जेट इंजिनांचे. बँकॉकहून येऊन ते मुंबईत उतरण्याच्या तयारीत होते आणि अपघाताची जागा मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर आहे. चौकशीत ठरलेले कारण असे: वैमानिकाचा मार्गाचा अंदाज चुकला, मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असे त्याला वाटले आणि त्याने वेळेआधी खाली यायला सुरुवात केली. आपण नेमके कुठे आहोत हे पडताळण्यासाठी उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर झाला नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली गेली आणि मार्गावरच्या भूभागाची माहिती वैमानिकाला नव्हती, हेही अहवालात नोंदले आहे.

चूक किती मोठी होती हे साध्या हिशेबाने कळते. जेट विमान साधारण ३ अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उतरते. ८४ किलोमीटर म्हणजे ४५ सागरी मैल. त्या अंतरावर उंची १३,५०० फुटांच्या आसपास हवी. विमान आदळले ते ३,६०० फुटांवर. एवढी उंची शोभते ती धावपट्टीपासून १२ सागरी मैलांवर, कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यात.

पूर्वेकडून मुंबईला येताना सह्याद्री हा शेवटचा अडसर. घाट एकदा ओलांडला की कोकणपट्टी जवळपास समुद्रसपाटीला येते आणि ३,६०० फूट पुरेसे वाटतात. घाटमाथ्याच्या अलीकडे मात्र चित्र वेगळे. जुन्नर गावच समुद्रसपाटीपासून २,२०० फुटांहून उंच, शिवनेरीचा माथा सुमारे ३,५०० फूट, नाणेघाटाशेजारचा जीवधन त्याहून वर आणि उत्तरेला हरिश्चंद्रगड ४,६०० फुटांच्या पुढे. विमानातले दाबावर चालणारे उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, पायाखालच्या जमिनीपासूनची नाही. आकडा बरोबर असूनही समोर कडा असू शकतो. शिवाय जुलैत घाटमाथा दिवसादेखील ढगात असतो. नाणेघाटात पावसाळ्यात गेलेल्याला दहा पावलांवरचा माणूस न दिसणे म्हणजे काय ते माहीत असते. रात्री तर डोळ्यांचा उपयोगच नाही.

याच्या १३ वर्षे आधी, १२ जुलै १९४९ रोजी, केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईत घाटकोपरच्या टेकडीवर आदळून ४५ जण मरण पावले होते. तोही पावसाळाच.

विमान धडधाकट, ताबा वैमानिकाच्या हातात आणि तरीही जमिनीला धडक, हा अपघाताचा वेगळा प्रकार मानला जातो. त्यावर १९७० च्या दशकात जमीन-निकटता इशारा यंत्रणा आली. ती रेडिओ लहरींवर चालणाऱ्या उंचीमापकाने सरळ खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजते. जमीन वेगाने वर येऊ लागली की ओरडते. हळूहळू चढत जाणाऱ्या डोंगरउतारावर ती वेळेत जागी होते, पण सह्याद्रीसारखा ताशीव कडा समोर असेल तर तिला तो फार उशिरा कळतो, कारण पुढे पाहणे तिच्या स्वभावात नाही. १९९० च्या दशकातील सुधारित यंत्रणेत भूभागाचा नकाशाच साठवलेला असतो आणि विमानाच्या जागेशी ताडून तो पुढचा डोंगर आधीच दाखवतो. अर्थात जागाच चुकीची धरली गेली, तर नकाशाही चुकीच्या ठिकाणचाच उघडतो.