नळी तापली की रेणू जड भासतो

लायसिन आणि ग्लुटामिन ही प्रथिनांतली दोन अमिनो आम्लं. साखळीत ओवल्यावर एकाचं वस्तुमान 128.095 डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वस्तुमान), दुसऱ्याचं 128.059. फरक 0.036 डाल्टनचा. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटरनं तो पकडावा अशी आपली अपेक्षा असते. पण खोली एका अंशानं तापली तरी हा फरक जवळजवळ गिळला जातो.

कारण हे यंत्र वजन करतच नाही, ते आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या रेणूंची, शर्यत लावतं. सगळ्यांना सारखाच विद्युत धक्का द्यायचा, समजा 20,000 व्होल्टचा, आणि निर्वात नळीत सोडायचं. हलका पुढे, जड मागे. एकच विद्युतभार असलेला 1000 डाल्टनचा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सेकंदाला साधारण 62 किलोमीटर धावतो आणि 2 मीटरची सरळ नळी 32 मायक्रोसेकंदांत पार करतो. वस्तुमान वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून वेळेतली चूक उत्तरात दुप्पट होऊन उतरते.

आता नळीच बघा. स्टेनलेस स्टील दर अंशाला दहा लाखांत सुमारे 17 भाग लांबतं. म्हणजे 2 मीटरला 34 मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढ्यानं आयन उशिरा पोचतो, यंत्र त्याला जड समजतं आणि 1000 डाल्टनमागे 0.034 डाल्टनची चूक होते. सकाळी गार खोलीत कॅलिब्रेशन केलं, म्हणजे ज्ञात वस्तुमानावरून यंत्र जुळवून घेतलं, दुपारी एसी बंद पडला, की ग्लुटामिनचा पेप्टाइड लायसिनचा वाटू लागतो. चांगल्या यंत्रांत तापमानाची भरपाई केलेली असते, तरी थोडा पासंग उरतोच. व्होल्टेजचंही तसंच: 20,000 व्होल्टमधला एक व्होल्ट घसरला तर 0.05 डाल्टन वाढतात.

मॅल्डी या आयन बनवण्याच्या पद्धतीत नमुना धातूच्या प्लेटवर मॅट्रिक्समध्ये, म्हणजे लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या पदार्थात, मिसळून वाळवतात. स्फटिकांचा थर कुठे जाड, कुठे पातळ. प्लेटही किंचित वाकलेली. शर्यतीची सुरुवातीची रेघच प्रत्येक ठिपक्याला थोडी सरकते. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. ज्ञात वस्तुमानाचा नमुना प्लेटच्या दुसऱ्या टोकाला ठेवून केलेलं कॅलिब्रेशन मला पटत नाही. तो शेजारच्याच ठिपक्यावर हवा.

त्याहून उत्तम म्हणजे मोजपट्टी नमुन्याच्या आतच असणं. प्रथिनं तोडायला वापरलेलं ट्रिप्सिन थोडं स्वतःलाही तोडतं. डुकराच्या ट्रिप्सिनचे असे तुकडे 842.51 आणि 2211.10 डाल्टनवर दिसतात. त्यांनाही तीच उष्णता, तेच व्होल्टेज, तेच स्फटिक भोगावे लागतात, म्हणून बरीचशी चूक त्यांच्यावरून दुरुस्त होते. मात्र या दोघांच्या पलीकडे, समजा 3500 डाल्टनला, भरवसा कमी होतो. आणि आलेखात एकाच तुकड्याची एकेक डाल्टनच्या अंतरानं अनेक शिखरं दिसतात; 2211 पाशी त्यांतलं सर्वांत उंच शिखर पहिलं नसतंच. एक कार्बन-13 (नेहमीच्याहून एका डाल्टननं जड कार्बन अणू) असलेलं पुढचं शिखर त्याहून उंच असतं. घाईत तेच धरलं तर मोजपट्टीच एक डाल्टननं चुकते.