अस्वलझुंज (एलिझाबेथकालीन लंडन)

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतला (१५५८–१६०३) लंडनकरांचा अत्यंत आवडता खेळ. खुंटाला साखळदंडाने बांधलेल्या अस्वलावर मॅस्टिफ जातीचे कुत्रे सोडायचे आणि भोवतीच्या सज्जांतून ती झटापट पाहायची. कुत्रा जायबंदी झाला की दुसरा सोडत. अस्वल मात्र शक्यतो मरू देत नसत. इंग्लंडमधली रानटी अस्वले केव्हाच नामशेष झाली होती, ती बाहेरून आणावी लागत. झुंजींत मुरलेली अस्वले मग पैलवानांसारखी नावारूपाला येत. सॅकरसन हे त्यांतले एक. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकातला स्लेंडर त्याची साखळी आपण हाताने धरल्याची बढाई मारतो. याहून हिडीस प्रकार म्हणजे आंधळ्या केलेल्या अस्वलाला पाच-सहा जणांनी घेरून चाबकाने फोडणे. १५९८ मध्ये आलेला जर्मन प्रवासी हेंट्झनर याने त्याचे वर्णन केले आहे.

हा केवळ हलक्या लोकांचा शौक होता, असे समजण्याचे कारण नाही. १५७५ मध्ये केनिलवर्थ येथे खुद्द राणीपुढे तेरा अस्वलांची झुंज लावली होती. प्युरिटनांचा, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांचा, राग मुख्यतः रविवारी खेळ होतात यावर होता. १३ जानेवारी १५८३ रोजी, रविवारीच, पॅरिस गार्डन या झुंजीच्या आखाड्यातला सज्जा कोसळून माणसे दगावली, तेव्हा लंडनच्या महापौराने हा देवाचा कोप ठरवला. प्राण्यांच्या हालांबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

झुंजीचे आखाडे थेम्सच्या दक्षिण तीरावर, बँकसाइडला होते. तिथेच पुढे रोझ (१५८७) आणि ग्लोब (१५९९) ही नाट्यगृहे उभी राहिली. दोन्हीकडचा प्रेक्षक एकच आणि दरही तोच: दारात एक पेनी, सज्जात जायचे तर आणखी एक. साहजिकच चढाओढ होती. नाटकांमुळे झुंजींचा धंदा बुडतो म्हणून १५९१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राणीच्या सल्लागार मंडळाने) गुरुवारी नाटके बंद ठेवण्याचा हुकूम काढला. नाटकांच्या सुवर्णकाळात सरकारदरबारी पारडे अस्वलांचे जड होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नाटकवाल्यांनी मग दोन्ही धंदे हाती घेतले. रोझचा मालक फिलिप हेन्स्लो आणि त्याचा जावई, नामवंत नट एडवर्ड ॲलिन, यांनी १६०४ मध्ये नव्या राजाच्या अस्वलांच्या देखरेखीचा अधिकार मिळवला. हेन्स्लोने पुढे बांधलेल्या होप नाट्यगृहाचा रंगमंच उचलून बाजूला ठेवता येई, म्हणजे झुंजीला मैदान मोकळे. तिथल्या दुर्गंधीवर नाटककार बेन जॉन्सनने १६१४ मध्ये त्याच रंगमंचावरून टोमणा मारला.