दोन झोत आणि वीस हजार येन

मोबाइलच्या पाठीवरचा फ्लॅश बंद असताना जरा निरखून बघा. उजेड पांढराशुभ्र पडतो, पण दिवा स्वतः हळदीच्या डागासारखा पिवळा दिसतो. तो डाग म्हणजे फॉस्फरची पूड, आणि तिच्या खाली दडलेला असतो एक निळा एलईडी. निळ्या उजेडाचा काही भाग पूड शोषून घेते आणि पिवळा करून सोडते. उरलेला निळा त्यात मिसळला की डोळ्यांना पांढरं दिसतं. घरातल्या एलईडी बल्बमध्येही बहुधा हेच चाललेलं असतं.

लाल एलईडी १९६२ पासून होता, हिरवाही नंतर आला. बाजारात विकता येईल इतका प्रखर निळा मात्र तीस वर्षं कुणालाच जमत नव्हता. १९९३ च्या नोव्हेंबरात तो जाहीर केला जपानच्या शिकोकू बेटावरच्या अनान गावातल्या निचिया कंपनीने. ही कंपनी टीव्हीच्या पडद्यांना आणि ट्यूबलाइटना लागणारं फॉस्फर बनवायची. मोठमोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांपुढे तिची काय मातब्बरी!

शुजी नाकामुरा इथे १९७९ मध्ये लागले. पहिली दहा वर्षं त्यांनी लाल आणि इन्फ्रारेड एलईडींना लागणारे पदार्थ तयार केले. माल चांगला होता, पण बड्या कंपन्या तोच आधीपासून विकत होत्या, त्यामुळे खप बेताचाच. बजेट तुटपुंजं. क्वार्ट्झच्या नळ्या कापायच्या, जोडायच्या, त्यात फॉस्फरस (हा फॉस्फरहून वेगळा, सहज पेटणारा पदार्थ) भरून भट्टीत तापवायच्या, सगळं स्वतःच्या हाताने. अधूनमधून नळी फुटायची आणि जळता फॉस्फरस खोलीभर उडायचा. या दहा वर्षांत त्यांच्या हातात जे वेल्डिंग बसलं, ते पुढे कामाला आलं.

१९८८ मध्ये नाकामुरा थेट संस्थापक नोबुओ ओगावांकडे गेले आणि म्हणाले, मला निळा एलईडी करायचाय. ओगावांनी होकार दिला आणि सुमारे ५० कोटी येन मोकळे केले. शिवाय नवं तंत्र शिकायला वर्षभर अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात पाठवलं. ज्याने दहा वर्षांत कंपनीला फारसं काही मिळवून दिलं नव्हतं, त्याच्यावर हा डाव. कुठल्या ताळेबंदात हे बसलं असतं, मला सांगता येणार नाही.

परत आल्यावर त्यांनी पदार्थ निवडला तो गॅलियम नायट्राइड. बहुतेक जण तेव्हा झिंक सेलेनाइडच्या मागे होते, आणि त्याला कारणही होतं. गॅलियम नायट्राइडचा थर चढवायला जुळणारा पायाच नव्हता. नीलमाच्या चकतीवर चढवला तर दोघांच्या अणूंमधल्या अंतरात सुमारे १६ टक्क्यांची तफावत. असा थर दोषांनी भरून जातो, एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर कोटींच्या वर. नाकामुरांचा हिशेब वेगळा होता: जिथे गर्दी नाही तिथे निदान शोधनिबंध तरी छापून येतील. तेव्हा त्यांच्याकडे पीएचडीसुद्धा नव्हती.

थर चढवायची रीत अशी. चकती हजारेक अंश सेल्सिअसला तापवायची आणि तिच्यावरून गॅलियमचं संयुग आणि अमोनिया यांचे वायू सोडायचे. अडचण साधीच होती. इतक्या तापलेल्या चकतीवरून हवा चुलीच्या धुरासारखी वर उसळते आणि कामाचे वायू चकतीला टेकायच्या आतच निसटतात. यंत्र विकत आणलेलं होतं, पण नाकामुरांनी ते उसवायला घेतलं. सकाळी नळी कापून वेगळ्या कोनात जोडायची, दुपारी थर चढवून बघायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दीडेक वर्ष असं चाललं. शेवटी त्यांनी वरून दुसरा झोत सोडला, नायट्रोजन आणि हायड्रोजनचा. आडवा झोत वायू आणतो, उभा झोत त्यांना चकतीवर दाबून धरतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला दर बदलासाठी बोलवावं लागलं असतं, तर दीड वर्षात किती फेऱ्या झाल्या असत्या?

या वाटेवर ते एकटे नव्हते. नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी आधीच दोन गाठी सोडवल्या होत्या. त्यांनी १९८६ मध्ये नीलमावर आधी अस्तराचा पातळ थर देऊन दर्जेदार स्फटिक मिळवला. १९८९ मध्ये मॅग्नेशियम मिसळलेल्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत मारून त्याला पी-प्रकारचा, म्हणजे धन प्रभार वाहून नेणारा केला; असा थर नसेल तर एलईडी नीट पेटत नाही. झोताने हे का घडतं, ते निचियात १९९२ मध्ये उलगडलं. अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता. नायट्रोजनमध्ये नुसतं तापवलं की तो निघून जातो. एकेका ठिकाणी झोत मारत बसायचं काम भट्टीवर भागलं. १९९६ मध्ये पांढरा एलईडी आला, आणि तिथे कंपनीचा जुना धंदा, फॉस्फर, पुन्हा उपयोगी पडला.

हल्ली ऑफिसांमध्ये ‘इनोव्हेशन’ची कार्यशाळा असते. टी-शर्ट वाटतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, संध्याकाळी बक्षीस. अनानमधल्या गोष्टीत बक्षीस जवळजवळ नव्हतंच. होते ते पैसे, वेळ आणि यंत्र उसवायची मोकळीक. तीही कायम टिकली नाही. नव्या अध्यक्षांकडून काम थांबवायचे आदेश येत होते आणि आपण ते बाजूला ठेवत होतो, असं नाकामुरा सांगतात. शोधाबद्दल त्यांना मिळाले २० हजार येन: पेटंटचा अर्ज केला तेव्हा निम्मे, मंजूर झाल्यावर निम्मे.

१९९९ च्या अखेरीस नोकरी सोडून ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे त्यांनी कंपनीवर दावा लावला. खटल्याच्या मध्यभागी होतं तेच दोन झोतांचं पेटंट. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचा वाटा ६,०४० कोटी येन धरला. मागणी २,००० कोटींचीच होती, म्हणून तेवढेच द्यायला सांगितले. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात तडजोड झाली आणि रक्कम उतरली सुमारे ८४ कोटींवर. त्यानंतर जपानने कायदाच बदलला. कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल, तर कामगाराच्या शोधाचा पेटंट-हक्क आता पहिल्यापासून कंपनीचाच.

२०१४ मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी जुन्या कंपनीशी समेट करायची इच्छा बोलून दाखवली. कंपनीने भेट नाकारली.