वळवाचा अंदाज: पाऱ्याआधी दवबिंदू पाहा

सोलापुरात पारा ४२ अंशांवर गेला की ‘आज वळीव येणार’ असं सर्रास बोललं जातं. नुसत्या उन्हाने वादळं झाली असती तर एप्रिल-मेमध्ये इथे रोजच झाली असती. अंदाज बांधणारे आधी दवबिंदू पाहतात, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागेल ते तापमान. तो ८-१० अंशांवर असला तर ४२ अंशांचा दिवसही बहुतेक कोरडाच जातो. तोच १८-२० वर चढला तर सावध व्हायचं.

बाष्प येणार की नाही, हे बऱ्याच अंशी एका रेषेवर ठरतं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकच्या अंतर्भागातून तमिळनाडूकडे, साधारण ९०० मीटर उंचीवर, अनेकदा द्रोणीय रेषा, म्हणजे हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा, तयार होते. तिच्या पश्चिमेला वायव्येकडून आलेली तापलेली, कोरडी हवा असते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा. ही रेषा पन्नास-शंभर किलोमीटर इकडे-तिकडे सरकली तरी जिल्ह्याचं चित्र बदलतं. अक्कलकोटला गडगडाट आणि माळशिरसला नुसती धूळ, असा दिवस त्यामुळेच उगवतो.

बाष्प असूनही वादळ होईलच असं नाही. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा थर असला तर खालून चढणारी हवा तिथेच अडते. भांड्यावर झाकण बसावं तशी. हा थर किती जाड आहे ते हवेत सोडलेल्या फुग्यांवरून कळतं. मुंबई, हैदराबाद, गोवा अशा केंद्रांवरून ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडले जातात. सोलापूर या केंद्रांपासून बरंच लांब पडतं, त्यामुळे इथल्या वरच्या हवेचं चित्र उपग्रह आणि संगणकीय प्रारूपांच्या मदतीने जुळवावं लागतं. त्या चित्रावरून वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा काढतात. दर किलोला १,००० ज्यूलच्या पुढे ती दखल घेण्याजोगी आणि २,५००च्या पुढे धोक्याची. गंमत अशी की पातळ झाकणापेक्षा जाड झाकण घातक ठरू शकतं. पातळ झाकण दुपारी एकलाच निघतं आणि किरकोळ सरी पडून जातात. जाड झाकण पाचपर्यंत टिकून मग फुटलं, तर दिवसभर साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते.

आता एक सोपा हिशेब. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक १२५ने गुणला की ढगाच्या तळाची उंची साधारण मीटरमध्ये मिळते. तापमान ४१ आणि दवबिंदू १७ असेल, तर तळ ३,००० मीटरवर. एवढ्या कोरड्या हवेतून पडताना पावसाचा मोठा भाग वाटेतच वाफ होऊन जातो. त्या बाष्पीभवनाने हवा थंड आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून सोलापूरच्या वळवात पावसाआधी वारा येतो आणि पत्रे, केळीच्या बागा, बेदाण्याची शेड यांचं नुकसान बहुधा तोच करतो. हवामान विभागाच्या वर्गवारीत ताशी ६२ ते ८७ किलोमीटर वाऱ्याचं वादळ ‘तीव्र’ आणि त्यापुढचं ‘अतितीव्र’.

चार-पाच दिवसांचा वादळी टप्पा असेल तेव्हा पहिला दिवस त्यातल्या त्यात सोपा. चुका होतात त्या दुसऱ्या दिवसापासून. कालच्या वादळाने जमीन भिजलेली असते. तिच्यातून उडणाऱ्या बाष्पाने दवबिंदू वाढतो, पण ऊन पाणी सुकवण्यात खर्ची पडल्याने पारा चढत नाही. रात्रीच्या ढगांची वरची चादर सकाळी अकरापर्यंत राहिली तर तापणं आणखी मागे पडतं. शिवाय कालच्या थंड हवेची कड त्या वादळापासून तीस-चाळीस किलोमीटर दूर, समजा मंगळवेढ्याच्या पलीकडे, थांबलेली असू शकते आणि नवं वादळ नेमकं तिथेच उठतं. नकाशाचे १२ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करणाऱ्या संगणकीय प्रारूपाला अशी कड सहसा दिसत नाही. मे २०२५मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिम या नव्या प्रारूपाचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. ही सुधारणा मोठीच, पण एकटा वादळी ढगही पाच-दहा किलोमीटरचाच असतो.

म्हणून तीन दिवस आधी ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ एवढंच म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे. गावाचं नाव घेता येतं ते तास-दोन तास आधी, रडारवर. सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं डॉप्लर रडार आहे. ढगातल्या थेंबांवरून आणि गारांवरून रडारकडे परतणाऱ्या लहरींचा जोर, म्हणजे परावर्तन, डीबीझेड या एककात मोजतात. ते ४५ डीबीझेडच्या वर गेलं तर जोरदार सरी; ५५च्या वर आणि तेही गोठणपातळीच्या, म्हणजे साधारण पाच किलोमीटरच्या, बरंच वर असेल तर गारांची शक्यता धरतात. अंतराची मर्यादा मात्र विसरू नये. अर्ध्या अंशाने कललेला किरण १०० किलोमीटरवर जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर वर गेलेला असतो, त्याखालचा वारा त्याला दिसत नाही.

विभागाचा तात्कालिक इशारा तीन तासांपुरता असतो, सकाळचा इशारा संध्याकाळी धरून बसू नये. दामिनी ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांतल्या विजा दाखवतं. फोन नसेल तर चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागावेत, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये थांबणं धोक्याचंच.

गारांची पडताळणी हे या कामातलं सगळ्यात कच्चं अंग. स्वयंचलित पर्जन्यमापक गार ओळखत नाही. ती वितळल्यावर पाणी म्हणून मोजतो, तेही उशिरा. गार पडलीच तर, विजा थांबल्यावर आणि ती वितळायच्या आत, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढावा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. सोबत गावाचं नाव आणि गार पडल्याची वेळ मिनिटासकट लिहावी. ‘दुपारी’ एवढंच लिहिलेली नोंद रडारच्या चित्राशी जुळवता येत नाही.