समुद्र आधी विहिरीत शिरतो

समुद्राची पातळी वाढतेय म्हटलं की सगळ्यांना किनारा बुडालेलाच दिसतो, पण मला जास्त काळजी वाटते ती जमिनीखालच्या गोड्या पाण्याची, कारण समुद्र तिथे आधी पोचतो आणि वरून काहीच कळत नाही.

हे आत्ता कळलंय असंही नाही. १८२८ मध्येच जोसेफ ड्यूकॉमन यांनी लिहून ठेवलं होतं की किनाऱ्याजवळ हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तोलून राहतं. ते लेखन विस्मरणात गेलं. मग १८८० च्या दशकाअखेरीस डच लष्करातले इंजिनिअर बॅडन गायबेन आणि १९०१ मध्ये जर्मनीत हर्झबर्ग, दोघं आपापल्या वाटेने तिथेच पोचले. हिशोब साधा आहे, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे भूजल समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली जवळपास ४० मीटर गोडं पाणी असतं. याची उलटी बाजू भयंकर आहे. पंप लावून पातळी १० सेंटीमीटर उतरवली आणि ती तशीच राहिली तर खालून खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर सरकतं!

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हेच झालं. उपसा इतका वाढला की १९३० च्या दशकात भूजल समुद्रसपाटीच्याही खाली गेलं, विहिरी खारावल्या आणि शेवटी १९४७ मध्ये तिथला सार्वजनिक पुरवठ्याचा उपसा बंद करावा लागला.

तेव्हा दोष उपशाचा होता, आता समुद्रच वर येतोय, १९०० पासून जगभरात सरासरी २० सेंटीमीटर तरी. जमीन उंच असेल तर भूजलही त्याच्यासोबत वर चढतं आणि बरंचसं निभावतं, पण सखल जागी ते वर येऊन ओढ्यानाल्यांतून वाहून जातं, मग समुद्राच्या वर राहणारी ती थोडीशी उंची कमी होते आणि खाली त्याच्या चाळीसपट गोडं पाणी जातं. हे पकडायला विहिरीत केबलने सेन्सर सोडून मीटर मीटरवर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात (मीठ जास्त तर आकडा मोठा), वर गोडं, गोडं आणि मग एकदम आकडा उडी मारतो. नुसतं वरचं पाणी चाखून हे कळणारच नाही.

आणि खारं पाणी वरूनही येतं. २००५ मध्ये पर्सी चक्रीवादळाच्या लाटा पॅसिफिकमधल्या पुकापुका बेटावर चढल्या, पाणी ओसरलं पण मीठ जमिनीत मुरलं, आणि तिथलं भूजल पुन्हा पिण्याजोगं व्हायला जवळपास वर्ष गेलं.